शूर्पारकाची मुले आणि नवी साधने : प्रस्तावना

इसवी सन १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या परिसरात जे संशोधन केले, त्याची फळे आज मुंबईत आहेत. ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने गावकरी ज्या टेकाडाला ओळखत असत, त्याच्या पोटातून निघालेली दगडी पेटी, तिच्यातील एकात एक बसवलेले तांब्याचे, रुप्याचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि अखेरीस सोन्याचे करंडक, त्यांच्याभोवती मांडलेल्या आठ बुद्धमूर्ती, यज्ञश्री सातकर्णीचे एक रौप्य नाणे आणि सुवर्णपुष्पे ही सर्व संपदा एशियाटिक सोसायटीच्या स्वाधीन झाली. आणि भाटेला तलावाजवळ सापडलेला, सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भग्न तुकडा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात विसावला. पुढे १९५६ साली भुईगावाच्या बाजूस नवव्या लेखाचाही एक तुकडा हाती आला. जतनाच्या दृष्टीने जे झाले ते योग्यच झाले. परंतु त्याचा एक परिणाम असा की, ज्या भूमीने ही रत्ने दोन सहस्र वर्षे उदरात सांभाळली, त्या भूमीवर आज वाढणाऱ्या बालकाला त्यांची वार्ताही नाही. नालासोपारा हे नाव त्याला लोकलगाडीच्या गर्दीमुळे परिचित आहे. पेरिप्लसच्या ग्रीक लेखकाने पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत ज्याची गणना केली ते हेच शूर्पारक, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

या आठव्या लेखाचा आशय प्राथमिक शिक्षकाने एकदा तरी शांतपणे वाचावा, असे मला मनापासून वाटते. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत आणि त्या यात्रांत मृगया व तत्सम करमणुकी चालत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यानंतर संबोधीच्या स्थानी गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रेचा प्रघात पडला, तिच्यात श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन घ्यावे, वृद्धांना भेटावे, जनपदातील सामान्य लोकांमध्ये जाऊन त्यांच्याशी धर्मविषयक संवाद करावा, असे राजा त्यात सांगतो. शाळेची वार्षिक सहल कोणत्या स्वरूपाची असावी, या प्रश्नाचा इतका प्राचीन आणि इतका नेमका विचार आपल्याच वसई तालुक्यातील एका शिळेवर कोरलेला असावा, ही गोष्ट मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. आपल्या बहुतेक सहली आजही विहारयात्राच आहेत. मुलांनी खेळावे, पाण्यात डुंबावे, याला माझा काडीमात्र विरोध नाही. पण वर्षातून एक दिवस तरी पाटी-पेन्सिलीसह, किंवा आता शिक्षकाजवळ असलेल्या दूरध्वनीतील कॅमेरा व ध्वनिमुद्रकासह, मुले आपल्याच गावातील वृद्धांना भेटावयास निघाली, तर प्रस्तुत विषयाचा अर्धा भाग आपोआप सिद्ध होईल.

प्रस्तुत विषय म्हणजे स्थानिक वारसा आणि प्राथमिक शाळेतील बालक यांचा सांधा सर्जनशील तंत्रसाधनांच्या योगे जुळवणे हा होय. त्याविषयी उत्साहाने बोलणाऱ्यांची आज वाण नाही. पण या उत्साहात एक मूलभूत भेद बहुधा पुसट होतो, म्हणून तो आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. मुलाला काही दाखवण्यासाठी यंत्र वापरणे निराळे आणि मुलाने काही घडवण्यासाठी यंत्र वापरणे निराळे. वसईचा किल्ला दाखवणाऱ्या चित्रफितींना तोटा नाही. कित्येक हिंदी चित्रपटांच्या चित्रीकरणाची तर ती ठरलेली जागा झाली आहे, आणि २०१६ साली कोल्डप्ले या विख्यात ब्रिटिश वाद्यवृंदाच्या एका गीताच्या चित्रफितीतही तेथील भग्न भिंती झळकल्या. ती चित्रफीत जगभर पाहिली गेली. पण त्या कमानी कोणाच्या, त्या कोणी बांधल्या आणि कोणी जिंकल्या, हे पाहणाऱ्यांपैकी कितीकांना कळले असेल? दृश्य पोहोचले, ज्ञान पोहोचले नाही. वर्गाच्या भिंतीवर तेच दृश्य अधिक झगझगीत करून दाखवल्याने मुलाच्या आणि किल्ल्याच्या संबंधात काही पालट होतो, असे मला वाटत नाही. पालट होतो तो मूल स्वतः काही करू लागते तेव्हा.

हा विचार परदेशातून आणण्याचे कारण नाही, कारण त्याची प्रयोगशाळा आपल्याच जिल्ह्यात होती. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राची स्थापना केली. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आणि पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. माँटेसरीबाईंची शिक्षणपद्धती ताराबाईंना मनोमन पटली होती, पण तिची साधने महाग होती आणि वारली मुलाच्या जगाशी त्यांचा काही संबंध नव्हता. तेव्हा या दोघींनी तत्त्व ठेवले आणि साधने बदलली. शंखशिंपले, बिया, गारगोट्या, पाने, माती ही त्या टेकडीवर आणि किनाऱ्यावर फुकट मिळणारी सामग्री त्यांनी गणनाचे, वर्गीकरणाचे आणि इंद्रियशिक्षणाचे साहित्य म्हणून वापरली. गुरे राखणारे मूल शाळेत येऊ शकत नाही असे दिसले, तेव्हा शाळाच कुरणात नेली. धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी पाड्याबाहेर पडू शकत नाही असे दिसले, तेव्हा बालवाडी तिच्या अंगणात भरवली. पुढे ‘अंगणवाडी’ हा शब्द सबंध देशाच्या सरकारी दप्तरात रूढ झाला, त्याचे मूळ या अंगणांत आहे. महागड्या परक्या साधनावर जी प्रक्रिया त्यांनी त्या काळी केली, तीच आज संगणकावर आणि कॅमेऱ्यावर करावयाची आहे, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि पुढे जे काही लिहिले आहे ते या एका म्हणण्याचा विस्तार आहे.

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण ते मला विशेष प्रिय आहे. अशोकाच्या लेखांची ब्राह्मी लिपी भूमितीच्या दृष्टीने विलक्षण सरळ आहे. तिच्यातील ‘क’ म्हणजे अधिकाचे चिन्ह, ‘ठ’ म्हणजे निखळ वर्तुळ, ‘थ’ म्हणजे वर्तुळाच्या मध्यभागी एक बिंदू, ‘ग’ म्हणजे खाली तोंड उघडलेला कोन. आता दुसऱ्या टोकाकडे पाहू. जिनिव्हात ज्याँ पियाजे यांच्या सहवासात बालमनाचा अभ्यास केलेले गणितज्ञ सिमोर पॅपर्ट यांनी सहकाऱ्यांसह १९६७ साली अमेरिकेत ‘लोगो’ नावाची संगणकभाषा मुलांसाठी निर्माण केली. तिच्यात एक कासव असते. त्याला ‘पुढे जा’, ‘वळ’ अशा आज्ञा द्यावयाच्या आणि ते आपल्या मागे रेघ सोडीत जाते. एक पाऊल पुढे आणि एक अंश वळण, असे ३६० वेळा सांगितले की वर्तुळ पूर्ण होते. त्याच परंपरेतील ‘स्क्रॅच’ ही रंगीत ठोकळे जोडून आज्ञा रचण्याची प्रणाली २००७ पासून सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. चौथीतील एखाद्या ठाकूर आडनावाच्या मुलाने आपल्या आडनावाचे आद्याक्षर त्या कासवाकडून रेखून घेतले, म्हणजे तो एकाच वेळी वर्तुळाचे अंश शिकतो, आज्ञांची क्रमबद्धता शिकतो, आणि भाटेला तलावाकाठी दोन सहस्र वर्षांपूर्वी कोणा अनाम पाथरवटाच्या छिन्नीने जे वळण घेतले तेच वळण स्वतः घेतो. त्यानंतर त्याला मुंबईच्या संग्रहालयात मूळ शिळेपुढे उभे करावे. काचेपलीकडचा तो ओबडधोबड दगड त्या दिवशी त्याला परका वाटणार नाही, कारण त्यावरील अक्षरांची घडण त्याने आपल्या हाताने केलेली असेल. संगणक नसेल तेथे हेच काम अंगणात करता येते : एक मूल कासव होते, दुसरे आज्ञा देते, आणि पायांच्या मागे रांगोळीची रेघ उमटत जाते. ताराबाईंनी बहुधा हाच मार्ग प्रथम सांगितला असता.

आता वसईच्या किल्ल्याकडे वळू, कारण या तालुक्यात वारशाचा विषय निघाला की मन प्रथम तेथेच धाव घेते. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहनाम्याने हा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. दोन शतके त्यांचा अंमल चालला. १७३७ मध्ये आरंभ झालेली मराठ्यांची मोहीम १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या विजयाने सफल झाली, आणि सेंट सेबॅस्टियनच्या बुरुजाला सुरुंगांनी खिंडार पाडल्यानंतर शरण आलेल्या शिबंदीला त्यांनी मानाने बाहेर पडू दिले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून मराठी सत्तेचे स्वातंत्र्य गहाण टाकले. ही सनावळी पाठ करून घेणे सोपे आहे. कठीण आहे ते निराळेच. वसईच्या एकाच बाकावर सामवेदी ख्रिस्ती मूल बसते, सामवेदी ब्राह्मण मूल बसते, वाडवळ, कोळी, आगरी, मुसलमान, वारली मूल बसते, आणि उत्तर प्रदेशातून कालपरवा आलेल्या कुटुंबातीलही बसते. एका आजीच्या मुखातून विजयाची कथा येईल, दुसरीच्या मुखातून आपल्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, विसाव्याची आणि पडझडीची. आठ वर्षांच्या मुलांना हे सर्व कसे सांगावे? माझे मत असे की, शिक्षकाने निवाडा देण्याची घाई करू नये. साऱ्या आज्या ध्वनिमुद्रित कराव्यात आणि मुलांना त्या एकत्र ऐकू द्याव्यात. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत छापले, तेव्हा त्यांनीही प्रत्येक पत्रलेखकाला त्याचे त्याचे बोलू दिले होते.

या किल्ल्यातील चर्चच्या घंटांची कहाणी तर या कामासाठीच घडली असावी असे वाटते. मोहिमेनंतर त्या घंटा महाराष्ट्रभर गेल्या. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणिसांच्या घाटावर एक आहे, भीमाशंकराच्या मंदिरापुढे एक आहे, नाशकात गोदाकाठच्या नारोशंकराच्या मंदिरावर १७२१ सालची एक आहे. ज्या घंटेने वसईत प्रार्थनेची वेळ सांगितली, ती आज महादेवापुढे वाजते. मेणवलीच्या शाळेतील मुलांनी आपल्या घंटेचा नाद मुद्रित करावा, तिचा घेर दोरीने मोजावा, तिच्यावरील उठावाची चित्रे काढावीत. नाशिकच्या मुलांनी तेच करावे. आणि हे सर्व नाद वसईच्या मुलांनी एका नकाशावर मांडावेत, अशा रीतीने की वसईच्या बिंदूवर बोट ठेवले असता सर्व घंटा क्रमाने वाजतील. याला लागणारे तंत्र अत्यल्प आहे. पण जो नाद या किनाऱ्यावरून पावणेतीनशे वर्षांपूर्वी निघून गेला, तो एखाद्या दुपारी वसईतील वर्गात पुन्हा ऐकू यावा आणि तो मुलांच्या परस्परांतील पत्रव्यवहारातून यावा, याहून उत्तम इतिहासाचा तास मला कल्पिता येत नाही.

किल्ला म्हणताच महाराष्ट्रातील मुलाला दिवाळी आठवते. माती, दगड, गोणपाट आणि अळीव यांपासून किल्ले रचण्याची ही वहिवाट म्हणजे सर्जनशील तंत्रशिक्षणाचा घरोघरी चाललेला आपला सर्वांत जुना वर्गच होय. तथापि ते किल्ले बहुधा डोंगरी असतात. शिखरावर सिंहासन, उतारावर मावळे. वसईच्या मुलाने आपल्या अंगणात वसईच रचावी, सपाट भूमीवर, तीन बाजूंनी पाणी खेळवून, जमीन दरवाजा आणि दर्या दरवाजा आपापल्या जागी ठेवून, आणि त्यासाठी आधी तट पावलांनी मोजून यावा, ही अपेक्षा करण्यास हरकत नाही. रचलेल्या किल्ल्याची भोवताली फिरून पुष्कळ छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक चित्रात आधीच्या चित्राचा निम्म्याहून अधिक भाग यावा एवढे पथ्य पाळावे; मग एकच बिंदू निरनिराळ्या चित्रांत कोठे कोठे दिसतो हे ताडून संगणक त्याची त्रिमिती आकृती सिद्ध करतो. हीच रीत पुढे खऱ्या किल्ल्यातील एखाद्या कोरीव थडग्याच्या शिळेला लावता येते, आणि पावसाने झिजत चाललेल्या त्या अक्षरांची एक प्रत तरी मुलांच्या हातून सुरक्षित होते. १८७६ मध्ये डॉ. गर्सन द कुन्हा यांनी चौल व वसई यांच्या इतिहासावर ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यांना असे साधन उपलब्ध नव्हते.

पण वारसा म्हणजे केवळ चिरेबंदी अवशेष, ही समजूत मुलांच्या मनात रुजू देता कामा नये. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील बावखले हा माझ्या मते किल्ल्याइतकाच मोलाचा ठेवा आहे. वाडीच्या कडेला खोदलेली ही गोड्या पाण्याची तळी पावसाळ्यात पाणी साठवीत, ते जमिनीत मुरवीत, आणि उन्हाळ्यात त्यांवरील रहाट केळीच्या, पानवेलीच्या, फुलांच्या वाड्या भिजवीत. आगाशीची सुकेळी ज्या राजेळी केळ्यांची होत, ती केळी याच पाण्यावर पोसली जात. पुष्कळ बावखले आता बुजली आहेत. २०१८ च्या जुलैत सारा परिसर जलमय होऊन लोकलगाड्या बंद पडल्या, मिठागरांत माणसे अडकली, ते दिवस या मुलांच्या थोरल्या भावंडांना आठवत असतील. पाण्याने आपली जुनी जागा मागितली की काय होते, हे कोणत्याही पाठापेक्षा बावखलांच्या नकाशावरून मुलाला अधिक चांगले उमजेल. हा नकाशा मुलांनीच करावा. आजोबांना बरोबर घ्यावे, जेथे बावखल होते तेथे उभे राहून त्यांना बोलते करावे, रहाटाचे भाग त्यांच्याकडून वदवून घ्यावेत, आणि प्रत्येक बिंदूला त्यांचा आवाज जोडावा. हा आवाज कादोडी बोलीत असेल तर कादोडीतच राहू द्यावा. घरात बोलली जाणारी बोली शाळेच्या कामात सन्मानाने ऐकू आली, की मुलाचा संकोच कसा गळून पडतो, हे ज्या शिक्षकांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगणे नको. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लढताना जमीन, पाणी आणि बोली या तिन्हींची चिंता एकत्रच वाहिली होती.

पूर्वेकडील पाड्यांतील मुलांना तर चित्राची भाषा परंपरेनेच लाभली आहे. डहाणूच्या जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला जगापुढे नेली. त्या चित्रांतील त्रिकोणी माणसे पाहताच वाटते की ती आता पाऊल उचलणार. कागदाची कातरलेली माणसे गेरूच्या पार्श्वभूमीवर थोडथोडी सरकवून एकेक छायाचित्र घेतले की तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर खरोखरच फिरू लागतो. येथे मुलगा शिकतो आणि शिक्षकही त्याच्याकडून शिकतो.

सरकारी पातळीवरची परिस्थिती अगदीच प्रतिकूल नाही. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार निघाले, तेव्हा आपल्या जिल्ह्याला पाठ्यक्रमात जागा मिळाली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर संकेत छापून ध्वनी व चित्रे मुलांपर्यंत पोहोचवली; पुढे राज्याने ती कल्पना उचलली, आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी पुरस्काराची अर्धी रक्कम अंतिम फेरीतील अन्य शिक्षकांना वाटली. त्यांच्या कार्याविषयी मला नितांत आदर आहे. मात्र त्या चौकोनी संकेतामागे काय असावे, हा प्रश्न प्रत्येक शाळेने पुन्हा विचारावा. निर्मळच्या तळ्याकाठी, अर्नाळ्याच्या कोटाच्या दाराशी, संत गोन्सालो गार्सिया यांच्या चर्चपाशी एकेक संकेत लावला आणि त्यामागे त्या गावच्या चौथीच्या मुलांनी स्वतः लिहिलेले, स्वतः वाचलेले दोन मिनिटांचे निवेदन ठेवले, तर येणारा प्रवासी मुलांचा श्रोता होतो. वसईत जन्मलेले गोन्सालो व्यापारी म्हणून आणि पुढे दुभाषी म्हणून जपानात वावरले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे हुतात्मा झाले. सोपाऱ्याचा पूर्ण हाही व्यापार सोडून बुद्धाच्या मार्गाला लागला, असे बौद्ध ग्रंथ सांगतात. सुमारे दोन हजार वर्षांच्या अंतराने एकाच किनाऱ्यावरून निघालेल्या या दोन प्रवाशांचे मार्ग एका नकाशावर आखावेत, नागासाकीच्या एखाद्या शाळेला त्याची प्रत पाठवावी, असे मला सुचवावेसे वाटते.

काही गोष्टी बजावून सांगणे अवश्य आहे. वसईचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तेथे काही लावण्यापूर्वी, उडते कॅमेरे वापरण्यापूर्वी परवानगी घेतलीच पाहिजे, आणि तटावर उगवलेल्या झाडोऱ्यात व उघड्या विहिरींजवळ लहान मुलांना मोकळे सोडू नये. ज्या वृद्धांचा आवाज घ्यावयाचा, त्यांना तो कोण ऐकणार हे आधी सांगावे व त्यांची संमती घ्यावी. कोणी नको म्हटले तर मुलांनी ते निमूटपणे मानावे, हेही शिक्षणच आहे. मुलांची छायाचित्रे आणि पूर्ण नावे सार्वजनिक करू नयेत. प्रत्येक मुलाच्या हाती यंत्र असावे असा आग्रह मी धरीत नाही. शाळेला एक दूरध्वनी आणि एक जुना संगणक पुरे. पाच-सहा मुलांच्या गटात एकाने मुद्रण करावे, एकाने प्रश्न विचारावेत, एकाने वहीत टिपावे, एकाने चित्र काढावे. यंत्रापुढे जाणारा वेळ तासाभराचा असेल, तर त्याआधीचा आणि नंतरचा, चालण्याचा, विचारण्याचा व लिहिण्याचा वेळ त्याच्या चौपट असावा.

शेवटचा प्रश्न दप्तराचा आहे. मुलांनी केलेले काम बहुधा शिक्षकाच्या बदलीबरोबर किंवा त्याच्या दूरध्वनीबरोबर नाहीसे होते. यासाठी प्रत्येक शाळेने मुद्रणांची एक प्रत शाळेत, दुसरी गावच्या ग्रंथालयात ठेवावी. प्रत्येकीवर दिनांक, ठिकाण, बोलणाऱ्याचे नाव त्याची संमती असल्यास, आणि बोली यांची नोंद करावी. ही नोंदवही मुलांनीच स्वच्छ अक्षरात लिहावी व दरवर्षी नव्या चौथीच्या स्वाधीन करावी. कामाचा आरंभ पावसाळा ओसरल्यावर, सहामाही परीक्षेनंतर करावा. बावखले तेव्हा भरलेली असतात, किल्ल्यातील वाटा वाळलेल्या असतात, आणि आजोबांना वाडीतून तासभर उसंत मिळू शकते.